एकच ‘तुकाराम’, अनेक पाठभेद : घरात पोहोचलेल्या चित्रपटाची प्रत कशी तपासावी?

१.
‘संत तुकाराम’ (१९३६) पाहिला आहे का, असे विचारले की बहुतेक मराठी घरांतून होकार येतो. माझा पुढचा प्रश्न असतो : कोणता? कॅसेटवरचा, व्हीसीडीवरचा, डीव्हीडीवरचा, टीव्हीवर लागलेला की मोबाइलवरचा? प्रश्न विक्षिप्त वाटेल. पण चित्रपटाला इतिहासाचे साधन मानणाऱ्या प्रत्येकाने तो विचारलाच पाहिजे, असे माझे मत आहे. का, ते या धाग्यात मांडते. #धागा #इतिहास

२.
आपल्याला हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. कारण नकलांवर नकला होताना पाठ बिघडला होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहत ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. पोथीबाबत आपण जे मान्य करतो, ते चित्रपटाबाबत विसरतो.

३.
योगायोग असा की भांडारकर संस्था ज्या विधि महाविद्यालय रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर ‘प्रभात’चा स्टुडिओ होता. आज तेथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही याच रस्त्यावर आहे. एका टोकाला पोथ्यांचे पाठभेद नोंदवणारे पंडित आणि दुसऱ्या टोकाला ज्यांचे पाठभेद अद्याप कोणी पद्धतशीर नोंदवले नाहीत अशी रिळे. या दोन टोकांमधले अंतर पायी चालण्याइतके आहे. विचारात मात्र ते फार मोठे राहिले.

४.
उदाहरण म्हणून ‘तुकाराम’च का? कारण हा चित्रपट मुळातच अस्सल आणि नक्कल यांविषयी आहे. सालोमालो तुकोबांचे अभंग आपलेच असल्याचे सांगतो. रामेश्वरशास्त्रींच्या आज्ञेने गाथा इंद्रायणीत जाते आणि परत येते. त्याहून गमतीची बाब अशी : शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले बीजाचे गीत अनेकांनी तुकोबांचाच अभंग समजून स्वीकारले. चित्रपटातला पाठ गाथेत शिरण्याच्या बेतात होता.

५.
थोडी माहिती. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकाराम विष्णुपंत पागनीस, जिजाई गौरी, संगीत केशवराव भोळे, लेखन शिवराम वाशीकर. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात १२ डिसेंबर १९३६ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. लांबी १३१ मिनिटे अशी नोंदलेली आहे. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला साक्षीदार म्हणून लागणार आहे.

६.
आता वंशावळ पाहू. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह ही आद्य प्रत. तिच्यावरून पॉझिटिव्ह, त्यावरून दुय्यम निगेटिव्ह, तिच्यावरून थिएटरची प्रिंट, प्रिंटवरून व्हिडिओची मास्टर टेप आणि टेपवरून घरी आलेली कॅसेट किंवा सीडी. दर पिढीला काळा अधिक काळा होतो, पांढरा अधिक पांढरा होतो आणि मधल्या राखाडी छटा मरतात. कृष्णधवल चित्रपटाचा जीव नेमका त्या छटांतच असतो.

७.
आद्य प्रतच पुन्हा काढून पाहू म्हटले तर? १९५०च्या आसपासपर्यंत चित्रपट नायट्रेट फिल्मवर निघत. ती अतिशय ज्वालाग्राही असते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील नायट्रेटच्या गोदामाला लागलेल्या आगीत सहाशेहून अधिक चित्रपटांची पाच हजारांवर रिळे जळाली. त्यांत ‘प्रभात’चीही मूळ रिळे होती. अनेक चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधीच काढलेल्या होत्या, म्हणून ते चित्रपट वाचले. आद्य प्रत मात्र गेली. यापुढे आपण नकलांचेच अभ्यासक आहोत.

८.
त्यात कायद्याची भर पडली. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. १९३६ च्या चित्रपटाची मुदत कधीच सरली. लोकांसाठी ही उत्तमच गोष्ट आहे. पण आता कोणीही, कोठूनही मिळालेल्या प्रतीवरून, कशीही आवृत्ती काढू शकतो आणि आपली प्रत कोठून आली हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. वंशावळ नसलेल्या पोथ्यांचा बाजार भरावा, तशी ही स्थिती आहे.

९.
पहिला अवतार : व्हिडिओ कॅसेट. व्हीएचएसवर चित्राचा आडवा तपशील साधारण २४० रेषांइतकाच मावतो. टेप जितकी फिरेल तितकी झिजते, आणि भाड्याच्या कॅसेटी तर सतत फिरत. कॅसेटवरून कॅसेट काढली की चित्र थरथरते आणि आवाज गढूळ होतो. तरीही थिएटरपासून पन्नास किलोमीटर दूर असलेल्या गावात चित्रपट प्रथम अशाच प्रतीतून पोहोचला, हे विसरून चालणार नाही. या मुद्द्याकडे मी परत येईन.

१०.
दुसरा अवतार : व्हीसीडी. आपल्या विदर्भातल्या पिढीचा चित्रपटसंस्कार बहुतांशी हिच्यावरचा. पाल पद्धतीच्या व्हीसीडीवर चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे, म्हणजे सुमारे एक लाख बिंदू. डीव्हीडीवर ७२० × ५७६, म्हणजे चार लाखांवर. पूर्ण एचडीत १९२० × १०८०, म्हणजे वीस लाखांवर. व्हीसीडीत एका सेकंदाच्या चित्राला सव्वा मेगाबिटहूनही कमी जागा आणि एका सीडीवर ७४ मिनिटे. म्हणून ‘तुकाराम’ला दोन सीडी लागणार हे ठरलेलेच.

११.
या आकड्यांचा अर्थ काय? व्हीसीडीचे तंत्र चित्राचे १६ × १६ बिंदूंचे चौकोन पाडते. पूर्ण पडद्यावर आडवे २२ आणि उभे १८, एकूण ३९६ चौकोन. कीर्तनाच्या गर्दीत एखाद्या श्रोत्याचा चेहरा पडद्याच्या उंचीच्या दहाव्या भागाएवढा असेल, तर त्याच्या वाट्याला उभे दोन चौकोनही येत नाहीत. गर्दी हलली, जागा अपुरी पडली की चेहऱ्याच्या जागी चौकोनच दिसतात. म्हणजे तुकोबा दिसतात, पण त्यांना ऐकणारे लोक नाहीसे होतात.

१२.
इतिहासाच्या दृष्टीने हे नुकसान क्षुल्लक नाही. १९३६ मध्ये सतराव्या शतकातले देहू कसे कल्पिले गेले, पागोटी कशी बांधली, भिंतींचा पोत कसा रंगवला, जात्यावर बसलेल्या जिजाईच्या चेहऱ्यावर राग कोठे संपतो आणि माया कोठे सुरू होते, हे सारे तपशिलात आहे. ‘जुन्या मराठी चित्रपटांतले नेपथ्य कच्चे असे’ हे मत अनेकदा ऐकू येते. मला शंका आहे, की यातला बराचसा कच्चेपणा नेपथ्याचा नसून प्रतीचा आहे.

१३.
तिसरा अवतार : डीव्हीडी. तिची क्षमता मोठी, पण क्षमता म्हणजे गुणवत्ता नव्हे. जुन्या व्हिडिओ टेपवरूनच डीव्हीडी काढली, तर मोठ्या भांड्यात तेच पातळ ताक ओतल्यासारखे होते. ओळखायचे कसे? हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात का पाहा. चित्राच्या तळाशी टेपचा थरथरता पट्टा दिसतो का पाहा. दिसला, तर वेष्टनावर काहीही छापलेले असो, तिची आई फिल्म नसून टेप आहे.

१४.
आता माझा आवडता पुरावा : वेळ. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो. आपल्याकडील पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला २५ दाखवतो. सोपा उपाय म्हणून चित्रपट किंचित वेगाने, २५ नेच चालवला जातो. परिणामी १३१ मिनिटांचा चित्रपट सुमारे १२६ मिनिटांत संपतो, आणि एकही दृश्य कापलेले नसते. म्हणून १२६ मिनिटांची प्रत दिसताच ‘पाच मिनिटे कापली’ असा निष्कर्ष काढू नका. ११५ मिनिटांची दिसली, तर मात्र जरूर चौकशी करा.

१५.
वेग वाढला की स्वरही चढतो. २४ चे २५ झाल्यावर स्वर सुमारे ०.७ अर्धस्वराने वर जातो. पेटी घेऊन बसलेल्या माणसाला हे सर्वांत आधी कळते : पागनीसांचा षड्ज काळी पट्टी आणि पांढरी पट्टी यांच्या मध्येच कोठेतरी सापडतो. अर्थात एवढ्यावरून निकाल देता येत नाही, कारण १९३६ च्या स्टुडिओतली वाद्ये आजच्या पट्टीत लावलेली असतीलच असे नाही. पण वेळ आणि स्वर या दोन साक्षी जुळल्या, तर खटला जवळजवळ सिद्ध होतो.

१६.
विचार करा : ज्या पिढीने हे अभंग अशा प्रतीवरून पाठ केले, तिने एक चढा आणि घाईचा तुकाराम ऐकला. चार टक्क्यांचा फरक लहान वाटेल. पण भजनात लयीचे स्थान काय, हे आपल्या गावातल्या कोणत्याही भजनी मंडळाला विचारा. ठाय लयीतली विनवणी किंचित घाईची झाली की तिचा भाव बदलतो. पागनीसांच्या गायकीवर लिहिताना ‘मी कोणत्या प्रतीवरून ऐकले’ ही टीप म्हणूनच आवश्यक आहे.

१७.
आवाजाचा दुसरा प्रश्न सफाईचा. त्या काळचा ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीच्या रूपाने मुद्रित होत असे. त्यात फार उंच कंपने मुळातच नसत आणि फिल्मच्या खरखरीचा एक सततचा पदर असे. आवृत्ती काढणारा ती खरखर सरसकट पुसू लागला, की तिच्यासोबत टाळांची किणकिण आणि चिपळ्यांची धारही पुसली जाते. उरतो तो उशीखालून आल्यासारखा आवाज. खरखर असलेली प्रत अनेकदा ‘स्वच्छ’ प्रतीपेक्षा अधिक प्रामाणिक असते, ती यामुळे.

१८.
काही आवृत्त्यांवर ‘५.१ ध्वनी’ असे अभिमानाने लिहिलेले आढळते. १९३६ च्या चित्रपटाचा ध्वनी एकपदरी आहे. तो सहा स्पीकरांत वाटणे म्हणजे एका कीर्तनकाराचे सहा तुकडे करून खोलीच्या कोपऱ्यांत उभे करणे. मूळ एकपदरी ध्वनी सोबत जसाच्या तसा दिला असेल, तर माझी तक्रार नाही. तो काढून टाकून नवाच मूळ म्हणून विकला जात असेल, तर ते क्षेपक आहे आणि त्याला क्षेपकच म्हणावे.

१९.
चौकटीचेही तसेच. त्या काळच्या बोलपटाची चौकट जवळजवळ चौकोनी : उंची १ तर रुंदी सुमारे १.३७. आजचा टीव्ही १६:९. दोन्ही बाजूंना काळे पट्टे नकोत म्हणून कित्येक प्रतींत चित्र वरून आणि खालून कापले जाते किंवा आडवे ताणले जाते. कापले तर चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो : वर पागोटे, खाली चिपळ्या धरलेले हात. ताणले तर कृश तुकोबा चांगले गुटगुटीत होतात. काळे पट्टे हा दोष नाही. ती प्रामाणिकपणाची खूण आहे.

२०.
‘लोकांना रंगीत आवडते’ हा युक्तिवाद आपण ऐकला आहे. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) नोव्हेंबर २००४ मध्ये संगणकावर रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. मूळ १९७ मिनिटांचा चित्रपट त्या वेळी सुमारे वीस मिनिटांनी आखूडही झाला. ज्यांनी तेवढाच पाहिला, त्यांच्या स्मृतीत मूळ कृष्णधवल चित्रपट, आणि त्यात मोजक्याच प्रसंगी अवतरणाऱ्या रंगाचा चमत्कार, उरलाच नाही. सगळेच रंगीत झाल्यावर शीशमहालात रंग येण्याला काय अर्थ राहिला?

२१.
आता ताजे संकट : कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘४के’ केलेल्या प्रती. येथे यंत्र चित्रातला हरवलेला तपशील शोधत नाही. तो असावा असा अंदाज करून नवा रेखाटते. फाटक्या पोथीतल्या गळालेल्या ओव्या एखाद्या हुशार लेखकूने स्वतः रचून भराव्यात, तसे. ओव्या सुरेख असतील, पण त्या ज्ञानोबांच्या नव्हेत. त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गौरीच्या नव्हेत. व्हीसीडीचा चौकोन निदान सांगतो की ‘येथे माहिती नाही’. हे यंत्र ते सांगतच नाही.

२२.
‘तुकाराम’ पुण्याचा, आपल्या जंगलाचे काय? गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, आजच्या नारायणपूर जिल्ह्यातल्या गढबेंगाल येथे स्वीडनचे दिग्दर्शक आर्ने सुक्सडॉर्फ यांनी १९५०च्या दशकात मुरिया गोंडांवर चित्रपट काढला : ‘एन युंगेलसागा’ (१९५७). वाघासोबत खेळणारा मुलगा चेंद्रू त्यामुळे युरोपभर गाजला. संगीत रविशंकरांचे. भामरागडचे माडिया आणि हे मुरिया वेगळे समाज. पण इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवरचे गोंडी विश्व जुळलेले आहे. आपल्या परिसराचे त्या दशकातले इतके विस्तृत रंगीत चित्रण दुर्मीळच.

२३.
हा चित्रपट रुंद पडद्यासाठी होता : उंची १ तर रुंदी २.३५. अशा चित्रपटाची जुन्या चौकोनी टीव्हीसाठी बाजू कापून काढलेली प्रत हाती आली, तर सुमारे ५७ टक्केच चित्र उरते. मध्यभागी चेंद्रू राहतो. कडेची झोपडी, ढोल, काम करणारी बाई बाहेर जाते. करमणुकीसाठी चेंद्रू पुरेसा आहे. पण १९५०च्या दशकातले गोंड गाव अभ्यासायचे असेल, तर आपला पुरावा नेमका त्या कापलेल्या ४३ टक्क्यांत आहे.

२४.
रंगाचेही असेच. पन्नाशीच्या दशकातल्या अनेक रंगीत फिल्म काळानुसार फिकट होतात. निळे-हिरवे उडते आणि सगळे गुलाबी दिसू लागते. अशा प्रतीवरून मण्यांचा किंवा लुगड्याचा रंग सांगू नये. आणि आवाज? भाषेनुसार आवृत्ती बदलली की निवेदकही बदलतो. ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांचे स्वतःचे बोलणे कोणत्या प्रतीत किती ऐकू येते, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे गोंडी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे काम करावे. ते इतर कोणाला नीट जमणार नाही.

२५.
यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो न्याय्य आहे : ‘ज्या गावात वीज टिकत नव्हती, तेथे सीडी मिळाली हेच पुष्कळ. तुम्ही चौकोन मोजत बसा.’ मला हे मान्य आहे. स्वस्त, फुटके, चौकोनी चित्रच चंद्रपूर-गडचिरोलीच्या पाड्यापर्यंत पोहोचले. स्वच्छ फिल्म पुण्याच्या थंड गोदामात राहिली. म्हणून वाईट प्रत फेकून द्या असे मी मुळीच म्हणत नाही. ती लोकांनी चित्रपट कसा पाहिला याचा दस्तऐवज आहे. ती जपा, पण तिला मूळ समजू नका.

२६.
शिवाय काही बाबतींत वाईट प्रत हीच एकमेव प्रत असते. आपली झाडीपट्टी रंगभूमी पाहा. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगाव निघतात आणि रात्रभर नाटक रंगते. त्याचे चित्रीकरण होते ते एका कॅमेऱ्याने, आवाज भोंग्यातून येईल तसा. या चित्रीकरणाची निगेटिव्ह नाही, त्याला पुण्यात गोदाम नाही. लग्नाच्या अल्बमशेजारी कपाटात पडलेली सीडी हीच येथे आद्य प्रत. ती गेली की झाडीबोलीतल्या त्या रात्रीचा शेवटचा पुरावा गेला.

२७.
आणि ती जाते आहे. घरी लिहिलेल्या सीडीवर माहिती रासायनिक रंगाच्या थरात साठवलेली असते; उष्णता, दमटपणा आणि ऊन लागले की तो थर खराब होतो. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो आणि लगेच मागे पावसाळा येतो. पत्र्याच्या घरातल्या कपाटात ठेवलेल्या सीडीला याहून वाईट हवामान मिळणे कठीण. नायट्रेटची आग एका दिवसात दिसली. ही आग दर वर्षी लागते आणि तिचा धूर कोणालाच दिसत नाही.

२८.
म्हणून तीन कामे, आजच करण्याजोगी. एक : सीडीचे रूपांतर करू नका, आधी संपूर्ण सीडी जशीच्या तशी संगणकावर उतरवा, व्हीसीडीतली ‘डॅट’ फाइल हाच तुमचा मूळ पाठ. दोन : वेष्टनाचे पुढून-मागून छायाचित्र काढा. तीन : कोणाकडून मिळाली, कोणत्या साली, एकूण वेळ किती, कोठे अडकते हे एका कागदावर लिहा. उतरवलेली फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मोबाइलवर पाठवलेली फाइल आणखी दाबली जाते. तिला जतन म्हणता येत नाही.

२९.
चित्रपटांच्या आवृत्त्या काढणाऱ्यांकडे माझी मागणी जुन्या लेखकूंच्या प्रथेची आहे. पोथीच्या शेवटी पुष्पिका असे : कोणी, कधी, कोठे, कोणत्या प्रतीवरून लिहिले. जसे पाहिले तसे लिहिले, दोष असल्यास क्षमा असावी, असेही तो लिहून ठेवी. प्रत्येक आवृत्तीला अशी पुष्पिका हवी : मूळ कोणते (निगेटिव्ह, प्रिंट की टेप), वेग २४ की २५, चौकट कोणती, ध्वनीवर काय केले, काय कापले, यंत्राने काय भरले. सहा ओळी पुरतात. खर्च शून्य.

३०.
दुसरी मागणी शासनाकडे. मे २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनर्स्थापनेसाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा झाली. हा पैसा लोकांचा आहे. ज्या चित्रपटांचा स्वामित्वहक्क संपला आहे, त्यांच्या चांगल्या प्रती जिल्हा ग्रंथालयांत आणि गोंडवाना विद्यापीठासारख्या ठिकाणी बसून पाहता आल्या पाहिजेत. उत्तम प्रत महोत्सवात आणि उरलेसुरले चौकोन गडचिरोलीत, ही वाटणी आता तरी बदलावी.

३१.
शेवटी तुमच्याकडे. पुढच्या वेळी कोणत्याही जुन्या चित्रपटावर लिहाल, तेव्हा नावापुढे साल लिहिता तसे प्रतीचेही एक वाक्य लिहा. एवढ्याने धाग्याधाग्यांतून पाठभेदांची यादी आपोआप तयार होऊ लागेल. ‘तुकाराम’ची जी प्रत तुमच्या घरी असेल, तिचा एकूण वेळ आणि वेष्टनावरचा मजकूर उत्तरात नोंदवा. झाडीपट्टीच्या सीडी असतील, तर आधी उतरवून ठेवा, मग कळवा. उन्हाळा जवळ आला आहे.

(धागा समाप्त)